काशीबाईंनी परस्पर बंद केलेली साखर

सर्वप्रथम तक्रार नोंदवतो. जव्हारच्या एका पर्यटक निवासात माझ्या चहातली साखर, मला कोणतीही पूर्वसूचना न देता, काढून घेण्यात आली. संस्कृत पाठशाळेत असताना मी व्याकरणातले नाना प्रकारचे लोप घोकले होते. शर्करालोप त्यांत नव्हता.

आता गेलो कशाला, ते सांगतो. आमच्या कन्येचा, गार्गीचा, हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स संपला आणि दोन नोकऱ्या पुढ्यात आल्या. एक मुंबईच्या बड्या हॉटेलात. दुसरी जव्हारला, नाशिकच्या एका डॉक्टरांनी काढलेल्या सहा खोल्यांच्या निवासात, तिथली पहिली मॅनेजर म्हणून. तिचा ओढा जव्हारकडे. पण निर्णयाआधी तिने मला पाहणीला धाडलं. "बाबा, दोन दिवस राहून या. माझे वडील आहात हे मात्र सांगू नका, नाहीतर ते लोक नीट वागतील."

नाशिकहून जव्हारची एसटी त्र्यंबकवरून जाते. सकाळची गाडी आणि खिडकी धरा. पुढे घाट आहे. गाडी आणि माझं पित्त बरोबरीनं तो घाट चढली. मोखाड्याला गाडी दहा मिनिटं थांबते, असं कंडक्टर म्हणतो. ड्रायव्हरचा वडा संपेपर्यंत थांबते, हे खरं. दिवाळी नुकतीच झालेली. भात खळ्यावर आलेला, उतारावर नागली, आणि ठाणे जिल्ह्यात आहोत यावर विश्वास बसू नये अशी हवा.

निवासाच्या ओट्यावर टेकलो, पाणी मागितलं, गोळी घेतली. मग तो चहा आला. कप घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो. तिथे काशीबाई, म्हणजे या घराच्या स्वयंपाकीण, नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या.

"आल्या आल्या गोळी खाल्लीत. मी बगितलं," त्या म्हणाल्या. "साखरंची हाय तुमाला. गोड नाय मिळनार."

गोळी पित्ताची आहे, असं मी नम्रपणे निवेदन केलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"मंग आदी सांगायचं ना, दादा."

म्हणजे चूक माझीच ठरली. तो चहा त्यांनी मोरीत ओतला आणि चमचा उभा राहील इतका गोड दुसरा केला. वर गूळ घातलेला नागलीचा लाडू, दंड म्हणून. कोणी कोणाला भरायचा ते स्पष्ट झालं नाही. या सगळ्यात कुणी कुणाची परवानगी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दाभोशाचा धबधबा. जव्हारहून जीप मिळते. भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि 'भरली' कधी म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो. सोबतीला निवासातला रघुनाथ होता. खोल्या झाडणं, पाहुण्यांना फिरवणं, पंप दुरुस्त करणं, सगळं त्याच्याकडे. खाली डोहापर्यंत उतरायचा माझा बेत होता. त्याने माझ्या चपला पाहिल्या आणि वरूनच बघायचं, असा निकाल दिला. मी अपील केलं. ते फेटाळलं गेलं. वरूनही धबधबा उत्तम दिसतो, हे खजील होऊन नमूद करतो.

परतीच्या जीपची वाट पाहताना तो बोलता झाला. आधी ठाण्याला एका हॉटेलात वेटर होता. पगार इथल्यापेक्षा थोडा जास्तच. मग परत का आलास, असं मी विचारलं.

"तिकडं गिऱ्हाइकानं कांदा मागितला तरी शेटला इचारायला लागायचं," तो म्हणाला. "फोड द्यायची का अर्धा, ते पन. सात वर्सं कांद्यासाटी इचारत होतो, सायेब. इथं डॉक्टर म्हनले, समोर पाव्हना हाय ना, मंग तूच ठरव."

रात्री उडदाची आमटी, भाकरी, खुरासणीची चटणी. दोन दिवसांचं खाणंराहणं पाचशेच्या आत झालं, आणि अशी चटणी नाशकात मिळायची नाही. वाढता वाढता काशीबाईंनी बातमी दिली: आता मॅनेजरीणबाई येणार, शिकलेली, नाशिकची.

"तुमच्याच तिकडची. कशा असतात हो तिकडच्या पोरी? इचारून करायला लावतील काय सगळं?"

रघुनाथ पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच थबकला. चांगल्या असतात, असं म्हणून मी भाकरीत तोंड खुपसलं. ठसका लागला. काशीबाईंनी न विचारता गूळ आणून ठेवला.

घरी पोचलो तर गार्गी दारातच. साखरेचा किस्सा सांगितल्यावर ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण बाबा, हे धोक्याचं आहे. उद्या खरंच मधुमेहाचा पाहुणा आला आणि त्याला तो लाडू दिला तर? आधी पाहुण्याला विचारायचं, मग मला. पहिला नियम हाच करते."

तिचं चुकलेलं नाही. काशीबाई खरोखरच चुकल्या होत्या.

सोमवारी ती जव्हारला रुजू होते. रस्ता, पाऊस, साप, एकटं राहणं, यांबद्दल तिची आई काळजी करते आहे. ते खातं तिच्याकडे राहू दे. मला काळजी आहे ती काशीबाई आणि रघुनाथ यांची. माझी मुलगी हुशार आहे, काम मनापासून करील, आणि वर्षभरात ते दोघे लाडू द्यायच्या आधी तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहतील.