नंदूचा रॉ मोड

फोटोवाल्याकडे फोटोंपेक्षा बिघडलेल्या फोटोंच्या गोष्टी जास्त साचतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, गोष्टी आपल्याकडेच राहतात. माझा पुलगावात लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, पण माझ्याकडच्या निम्म्या गोष्टी नंदूच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या.

नंदू माझा शाळेपासूनचा मित्र. सरकारी कचेरीत क्लार्क, घर नाचणगावला. त्यानं नेटवर एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. ते मेमरी कार्डावर टाकलं की कंपनीनं न दिलेली एक सोय कॅमेऱ्यात उघडते, रॉ व्हिडिओ. म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसतं ते काही न गाळता, जसंच्या तसं साठवायचं. शिवाय चित्र किती मोठं, किती रुंद, तेही आपणच ठरवायचं. तिसरे आमचे काळे सर, आंजीच्या शाळेत चित्रकला शिकवतात. रविवार सकाळ आम्हा तिघांची नंदूच्या अंगणात जायची.

*

सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवशी कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा झाला तो झालाच. नंदूनं सगळी बटणं दाबून पाहिली, मग खुर्चीत बसून राहिला. नंदूची बायको, रेखावहिनी, चहा घेऊन आल्या, काय झालं ते विचारलं, कॅमेऱ्याची बॅटरी काढली, पदराला पुसली आणि परत बसवली. कॅमेरा सुरू.

"टीव्हीच्या रिमोटले मी असंच करतो," त्या म्हणाल्या.

सर नंदूला म्हणाले, "इंजिनिअर घरात असून तू नेटवर काऊन फिरून राह्यला?"

*

चित्र सगळ्यात मोठं ठेवलं की कार्डाला तेवढ्या वेगानं लिहिणं झेपायचं नाही. आठ सेकंदांत रेकॉर्डिंग आपोआप बंद.

नंदूच्या शेजारी महादेवराव राहतात. वांगी, भेंडी, पालक लावतात आणि पुलगावच्या बाजारात नेतात. वांगं तोडायला आलं हे कसं ओळखायचं, ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगावं असं सरांना वाटलं. महादेवरावांनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा वावरात पोचले नाहीत तोच कॅमेरा बंद. असं चार वेळा झालं. दर वेळी ते अगदी मन लावून पहिल्यापासून सांगायचे.

पाचव्या वेळी ते काही बोलले नाहीत. झाडावरच्या एका वांग्याला अंगठ्यानं हलकेच दाबलं, सोडून दिलं. दुसरं दाबलं, खुडलं, टोपलीत ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. दोन सेकंद उरले होते.

परत येताना सर म्हणाले, "मी पस्तीस मिनिटांचा तास घेतो."

*

एका मोडमध्ये चित्र दोन्ही बाजूंनी आवळून निघायचं. ते नंतर कॉम्प्युटरवर रुंदीत ताणून सरळ करायचं. तोवर प्रत्येक माणूस काडीसारखा.

सरांच्या थोरल्या बहीण शोभाताई तळेगावहून आल्या होत्या. नंदूनं हौसेनं त्यांचं शूटिंग केलं आणि न ताणलेलंच दाखवलं. त्या पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "कॉलेजात असताना मी अशीच होतो."

मग नंदूनं लॅपटॉपवर ते ताणून त्यांच्या मूळ रुंदीला आणलं. आम्हाला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावायला सांगितली, नीट पाहिली आणि रुंद चित्रावर बोट ठेवलं.

"हेच ठेवा. त्या बारकीले घरात कोणी काही विचारत नव्हतं."

*

हा किस्सा माझ्या चुकीचा. एका लग्नात जास्तीचा कॅमेरा म्हणून मी नंदूचा नेला. तो क्रॉप मोडवर राहून गेला होता, म्हणजे स्क्रीनवर दिसायचं सगळं, पण रेकॉर्ड व्हायचा मधलाच तुकडा. घरी येऊन पाहतो तर पाठवणीत एकाही माणसाचा चेहरा नाही. नुसते दोन हात, नवरीचा आणि तिच्या वडिलांचा.

दुसऱ्या कॅमेऱ्यातलं शूटिंग ठीक होतं, तरी लपवणं बरं वाटेना. नवरीच्या वडिलांना बोलावलं, चूक कबूल केली आणि ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मुलीचा हात सुटायला बघत होता, वडिलांची बोटं सुटत नव्हती.

"हे काढून टाका भाऊ," ते हळूच म्हणाले. "मी हासत हासत पाठवलं, असं समजते पोरगी."

मी काढून टाकलं. तेवढं चांगलं शूटिंग माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

*

नंदू नवा मोड पहिल्यांदा वडिलांवर करून पाहायचा. बाबा अंगणात बाजेवर बसलेले असायचे, हलायचे नाहीत, कंटाळायचे नाहीत. मागच्या वर्षी थोड्या दिवसांच्या आजारानं ते गेले.

चार-पाच महिन्यांनी नंदूनं हार्ड डिस्क उघडली आणि मला, सरांना बोलावून घेतलं. बाबांचे कितीतरी तुकडे निघाले. दाढीचा एकेक पांढरा खुंट मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र. पण आवाज नाही. आमच्या त्या रॉ व्हिडिओत आवाज येत नसे, तो वेगळा रेकॉर्ड करावा लागे, आणि नुसत्या टेस्टसाठी ते कोण करणार? नंदूकडे बाबांचा आवाज कुठेच नव्हता. "सारं साठवलं," तो म्हणाला, "अन् थेच राह्यलं."

एका तुकड्यात बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळतात आणि काहीतरी बोलतात. चार-पाच शब्द असावेत. नंदूनं तो पंचवीसेक वेळा लावला असेल. सरांनी ओठ बघून अंदाज केले, मी केले. जुळेना.

नंदूची आई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिची नजर लॅपटॉपवर गेली आणि ती तिथेच थांबली. म्हणाली, "अजून एकदा लाव."

नंदूनं लावलं. ती पदर सावरून, पुढे वाकून पाहत राहिली. तुकडा संपला.

"आई, काय म्हणून राह्यले बाबा?"

"थे मलेच म्हणून राह्यले," आई म्हणाली, आणि ट्रे उचलून आत गेली.