फळा वर कोणी टांगला?

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. आमचा शिपाई दर मे महिन्यात वर्गांतले फळे उतरवून त्यांना काळा रंग द्यायचा आणि जूनमध्ये परत टांगायचा. त्या वर्षी शाळा उघडली, मी वरच्या कडेला तारीख लिहायला गेले, तर टाचा उचलूनही हात पोचेना. या माणसाने मला छळायलाच फळा वर टांगलाय, अशी माझी खात्री झाली. पोरांसमोरच त्याला फैलावर घेतलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीतली भोकं दाखवली. "बाई, फला हाय तितंच हाय. खिले तेच, भोकां पन तीच." मग मान खाली घालून म्हणाला, "तुमीच वायच खाली आलाव."

वर्ग हसला. मी त्याला उद्धट म्हटलं आणि समीकरणं सोडवायला घेतली.

त्याच्या पाच वर्षं आधी संधिवाताने माझी बोटं अशी सुजली होती की खडू धरवत नव्हता. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्याभरात मूठ वळली. स्टेरॉइड हा शब्द आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. आम्ही म्हणायचो, गुण आला. पुढे डॉक्टर बदलून गेले, गोळ्या मात्र राहिल्या. औषधवाल्याची तत्परता तर काय सांगावी! मला लांबून येताना पाहिलं की तो बाटली काढून ठेवायचा. चिठ्ठी मागून गिऱ्हाइकाला त्रास देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

माझा चेहरा तळलेल्या वड्यासारखा टम्म फुगला. शेजारणी म्हणाल्या, "काय सुधारलीस गो!" आणि मीही लाजून घेतलं. पाठ दुखायची, त्याला कारणांचा तोटा नव्हता: गादी, वय, वात आणि सासूबाईंच्या मते माझं जास्तीचं शिक्षण. साड्या वर्षभर पायात येत होत्या, तो माझा धांदरटपणा.

पण शिपायाचं ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी जुनी चिठ्ठी शोधून मी नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडावर धरला.

"मणके खचलेत. या गोळ्या फार दिवस घेतल्या की हाडं ठिसूळ होतात. इतकी वर्षं घ्यायला कोणी सांगितलं?"

मी ऐटीत चिठ्ठी पुढे केली. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'पंधरा दिवसांनी दाखवण्यास येणे.' आणि मी कोण? उदाहरण शेवटपर्यंत न वाचणाऱ्या पोरांच्या हातावर पट्टी मारणारी बाई.

गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, ते हळूहळू कमी करणार होते. कॅल्शियम सुरू झालं, जड उचलणं बंद. "गेलेली उंची परत येणार नाही," ते म्हणाले. "आहे ती राखली, तर फळ्यासमोर उभ्या राहाल."

शिपायाची माफी मी वर्गासमोरच मागितली, ओरडले होते वर्गासमोर म्हणून. दुपारच्या सुट्टीत त्याने फळा चार बोटं खाली घेतला. मग मला भिंतीशी उभं करून, बालवाडीतल्या पोरांची मोजतात तशी, डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली. वर्षभर मी त्या रेघेकडे बघायचं टाळलं. मला भीती वाटत होती. फळ्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये तो पट्टी आणि हातोडी घेऊन वर्गाच्या दारात हजर. मी भिंतीला पाठ लावली. त्याने डोक्यावर पट्टी ठेवली आणि मेल्याने इतका वेळ लावला की मला श्वास घेववेना.

"बाई," तो म्हणाला, "हाय तितंच हाय."

हातोडी काखेत मारून तो निघून गेला. मी वळले आणि तारीख लिहिली.