निळ्या गाडीतली उजवी सीट

अन्याय माझ्या मामूवर झाला. १९६७ सालच्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार, जुम्म्याची नमाज होऊन तास उलटलेला, जागा दुबईतल्या देऱ्याबाहेरचं कडक वाळूचं मैदान. करणारा आमच्या गॅरेजचा शेठ, आणि त्याला खोटा कागद टाइप करून देणारा त्याचा कारकून मी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गाडीचं कौतुक वाचताना विसराल.

कौतुक तर करावंच लागेल. तसली गाडी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

तेलाच्या कामावर आलेल्या एका फ्रेंच इंजिनियरने ती जहाजातून आणली. गॅरेजमध्ये खोका उघडला आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून भोवती जमलो. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. रंग निळा, पण दारं-खिडक्यांना मारतात तो नव्हे. भर दुपारी खोल पाण्याचा असतो तो. पुढे चार दिवे, काच मागे झुकलेली, अंगावर कोपरा म्हणून नाही. इंजिन मागे. खाली वाकून पाहिलं तर तळातून एकच जाड नळी गेलेली, पाठीच्या कण्यासारखी, आणि अख्खी गाडी तिच्यावर तोललेली. आत एक छोटी पट्टी, तिच्यावर ही कितवी गाडी त्याचा आकडा. ‘‘अशा थोड्याच करतात,’’ साहेब इंग्रजीत म्हणाला, ‘‘समुद्रकाठच्या एका गावात, हाताने.’’ मी आणि आणखी एकाने पुढून जोर लावला तर चाकं जमिनीवरून सुटली! मोटर उचलतोय की पाळणा, कळेना.

उतरवताना क्रेनची साखळी लागून पुढचा उजवा मडगार्ड तडकला होता. तेवढं नीट करा म्हणून साहेब दोन हप्त्यांसाठी वाळवंटातल्या कॅम्पवर गेला.

आमचा डेंटिंगवाला मिस्त्री नेहमी करतो तेच करायला बसला. जीप असो की ट्रक, आतून हातोडा, बाहेरून लाकूड. पहिल्याच ठोक्याला ‘टण’ व्हायच्या जागी ‘खट’ झालं आणि तळहाताएवढा तुकडा त्याच्या मांडीवर पडला. तो ओरडला, ‘‘या अल्ला, ये लोहा नहीं है!’’

काचेच्या धाग्याचं कापड आणि राळ, ह्यांची बनलेली होती ती. दुबईत हे कुणाला ठाऊक? मला मात्र राळ म्हटल्यावर मामू आठवला. माझ्या आईचा भाऊ, रत्नागिरीकडचा, इथे दुबईच्या खाडीवर मचवे बांधतो. उभा जन्म त्यात गेलेला. मी त्याला घेऊन आलो.

मामूने हातोड्याला हात लावला नाही. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करत, कान देत गाडीभोवती फिरला. मग हसला. ‘‘ही गाडी नाय रे बाबा, होडी हाय. पालथी घातलेली.’’

शेठ म्हणाला, ‘‘चाचा, ये मोटर है, मछवा नहीं.’’

‘‘शेठ, राळ तिथं, राळ इथं. तुमचा हातोडा काय लग्नाला आणलाय?’’

खोक्यात राळेचा डबा, ती घट्ट करायच्या औषधाची बाटली आणि कापडाची गुंडाळी होती. कागद फ्रेंचमध्ये, म्हणजे नसल्यातच जमा. मामूने आधी फळीवर करून पाहिलं. पहिल्यांदा औषध जास्त झालं, राळ तापून धूर निघाला. दुसऱ्यांदा दिवसभर चिकटच राहिली. तिसऱ्यांदा जमली. मग त्याने तडकलेल्या कडा मचव्याच्या फळ्या जोडतात तशा तिरक्या घासल्या आणि आतून एकावर एक आडवं-उभं कापड बसवलं.

‘‘और दो थर मारो, मजबूत होगा,’’ शेठ म्हणाला.

‘‘नाय. वजन वाढलं तर ही एका अंगाने धावंल. तीन. खलास.’’

पुढे आठवडाभर पाणी लावून घासकाम. डोळे मिटून हात फिरवायचा, म्हणायचा, ‘‘डोळा फसतो, हात नाय.’’

त्याने मोबदला एकच मागितला. आमच्या बंदरात दुरुस्त झालेला मचवा पहिल्यांदा पाण्यात जातो तेव्हा कारागीर आत बसतो. पाणी शिरलंच तर त्याचे पाय आधी भिजावेत. ‘‘पहिल्या फेरीला मी बसणार,’’ मामू म्हणाला. ‘‘इन्शाल्ला,’’ शेठ म्हणाला.

गुरुवारी शेठने मला पत्र टाइप करायला सांगितलं: काम बैरूतहून आलेल्या स्पेशालिस्टने केलं. ‘‘बैरूत कशाला?’’ मी विचारलं. ‘‘मछवेवाल्याच्या भरवशावर साहेब स्पीड मारेल का? टाइप कर.’’ मुंबईच्या गोदीत पत्रकं लिहून मालकांना जाब विचारणारा मी, नोकरी जाईल म्हणून मुकाट्याने टाइप केलं. माझी ती अक्षरं मला अजून दिसतात.

शुक्रवारी मामू इस्त्रीचा सदरा, टोपी घालून, अत्तर लावून मैदानावर आला. साहेबाने मडगार्डवर अंगठा फिरवला. सांधा सापडेना. पुन्हा फिरवला. ‘‘कुणी केलं?’’ शेठने पत्र पुढे केलं. मामूला इंग्रजी येत नाही; त्याने उजव्या दाराला हात घातला होता, फ्रेंच गाडीत स्टिअरिंग डावीकडे असतं.

‘‘चाचा, बाद में. यल्ला, हटो,’’ म्हणत शेठ स्वतः आत बसला. सीटा दोनच.

आणि मग ती सुटली. आवाज आधी मागे राहिला, मग धुळीत बुडाला. लांबवर ड्रम ठेवला होता. आमची जीप तिथे वळताना उलटलीच असती. ही वळली ती पाण्यात मासा वळावा तशी, वेग कमी न करता, जमिनीला पोट टेकवून. संतापाने माझे कान तापले होते, आणि तरी तोंड उघडंच राहिलं. खोटं का सांगू?

‘‘बघितलंस?’’ मामू पुटपुटला. ‘‘मडगार्ड हलला नाय.’’

‘‘मामू, तुम्हाला फसवलं.’’

‘‘फसवलं तर खरंच. पण चाल बघ तिची!’’ मग म्हणाला, ‘‘आत बसून त्या अंगाला हात लावला असता म्हणजे कळलं असतं, थरथरतो का ते. बाहेरून कसं कळणार?’’

ते ‘बाद में’ आलंच नाही. मी नोकरी सोडली, साहेब मायदेशी गेला, गाडी विकली गेली. मामू अजून दर शुक्रवारी विचारतो, ‘‘दिसली का रे?’’

दिसते. दुबई-शारजाच्या वाटेवर निळी रेघ ओढल्यासारखी जाते. चालवणारा मराठी वाचत नसेल, तुम्ही वाचता. तुमच्यापैकी कुणी त्याच्या ऑफिसात असेल, कुणी त्याचं पेट्रोल भरत असेल. त्याला सांगा, बैरूतचं पत्र खोटं आहे, टाइप करणाराच म्हणतो. पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत हात घालायला लावा. तीन थर लागतील. मग त्याला घेऊन खाडीवर मचवे बांधतात तिथे या, मामूला हाक मारा आणि त्या उजव्या सीटवर बसवा. बाद में नको. ह्याच शुक्रवारी.