फुगडीतलं अर्धं मिनिट

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, साताऱ्याच्या माझ्या आईला नाही, जिच्याशी मी एरवी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. सासूबाई जाऊन महिना झाला. त्यांच्या तेराव्याच्या दुपारी ते घरात सांगून झालं — आणि तेव्हापासून मला नीट झोप लागते. घरात एवढं दुःख असताना हलकं वाटणं बरं दिसत नाही, कळतं मला. पण वाटतं खरं. आता तुम्हाला सांगते आहे ते सावकाश, कारण घाईत सांगायला गेले की मी स्वतःला वाचवणारे शब्द निवडते. ती सवय जुनी आहे.

कुठून सुरुवात करू? माझ्या मंगळागौरीपासूनच करावी लागेल.

लग्न करून मी इंदूरला आले तेव्हा सुदामा नगरातल्या या घरात चार माणसं होती. सासूबाई — त्यांना मी आईच म्हणायचे — सासरे, माझा नवरा अभय, आणि धाकटा दीर मिहिर. मिहिर तेव्हा चौदा वर्षांचा, नववीत. घर पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचं. यांच्या मराठीत भाजीत नमक कमी पडायचं आणि पाहुणे अचानक टपकायचे. मी कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते, पुस्तकी मराठी बोलायचे, त्यामुळे आई मला प्रेमानं ‘आमची किताब’ म्हणायच्या. कोणी छळलं नाही मला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे केलं त्याला छळाचं निमित्त मिळणार नाही.

आईंचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप होता. कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायका. श्रावणाच्या आधीपासून आमच्या हॉलमध्ये सराव चालायचा — सोफे भिंतीला सरकवून. मिहिर त्या सरावातच मोठा झालेला. एखादी आली नाही की आई त्याला जागेवर उभं करायच्या. फुगडी, झिम्मा, पिंगा — सगळं त्याला यायचं, आणि नुसतं यायचं नाही, फार सुंदर यायचं. लहान होता तोवर बायका त्याच्या गालाला हात लावून कौतुक करायच्या. मिशीची रेघ दिसायला लागल्यावर कौतुक कमी झालं. तो आपणच मागे, जिन्यापाशी बसून बघायला लागला.

माझ्या मंगळागौरीला मी नऊवारीत अवघडून बसले होते. मला एकही खेळ येत नाही. दोनदा ओढून नेलं, दोनदा पाय अडकले. माझा दिवस होता — आणि मी खांबासारखी उभी. मग आईंनी कोणालातरी हाक मारली, रिंगण उघडलं, आणि मिहिर आत आला. त्याची आणि आईंची फुगडी सुरू झाली. पन्नास बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी फोन काढला. शूट करताना मला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर — मत्सर. एका शाळकरी पोराचा. इतकी लहान गोष्ट आहे ही, लिहितानाही संकोच वाटतो.

त्या संध्याकाळी मी तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. घरच्यांना दिसणार नाही अशी सेटिंग करून. वर एक ओळ लिहिली, स्टाफरूमला कळावी म्हणून हिंदीत: ‘किसने कहा मेरी ननद नहीं है?’

हसणारे चेहरे यायला लागले. जिच्याशी कधी चहापलीकडे बोलणं नव्हतं तिनंही लिहिलं की मॅडम, आप तो बड़ी मज़ेदार निकलीं. आयुष्यात पहिल्यांदा मी मजेदार ठरले होते. झोपण्याआधी मला कसंतरी झालं आणि मी ते काढून टाकलं. वाटलं, संपलं. इंदूर एवढं मोठं शहर — पण आपल्या ओळखीचं इंदूर केवढं असतं? स्टाफरूममधल्या एका मॅडमचा मुलगा मिहिरच्याच शाळेत होता.

शाळेत त्याचं नाव ननद पडलं. व्हॅनमध्ये चढला की मागून आवाज यायचा, “हटो भिया, ननद बाई आ रही हैं.” बाकावर बांगड्या ठेवलेल्या असायच्या. तो बोलायला उभा राहिला की मागच्या रांगेत एका विशिष्ट पद्धतीनं टाळी वाजायची — कोणती ते तुम्हाला माहीत आहे. आणि मग ते दुसरे शब्दही आले, जे मी इथे लिहिणार नाही. मिहिरला मुलगेच आवडतात, हे त्यानं आम्हाला फार पुढे, विशीत सांगितलं. चौदाव्या वर्षी ते त्यानं स्वतःला तरी सांगितलं असेल का? त्याच्या आधी अख्ख्या शाळेनं ते ओरडून सांगितलं. शिव्यांच्या भाषेत.

आईंना हे कळलं ते शाळेतून बोलावणं आल्यावर. वर्गशिक्षिकेनं त्या पोरांबद्दल काही सांगितलं नाही. इसको थोड़ा लड़कों के साथ खेलने भेजिए, एवढंच म्हणाल्या. आई घरी आल्या त्या पेटलेल्याच. व्हिडिओ कोणी काढला? ऋचानं — त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या, मंदामावशीच्या मुलीनं — त्या दिवशी सारखा फोन धरलेला सगळ्यांनी पाहिला होता. ती त्याच शाळेत, एक वर्ष पुढे. झालं. दोघी मायलेकींना बोलावून घेतलं. ऋचा रडत होती, मी कुठेच पाठवला नाही गं मावशी, म्हणत होती. आईंनी तिच्या हातातला फोन सगळ्यांसमोर उघडायला लावला आणि तिच्याच हातानं तिचं शूटिंग पुसायला लावलं. त्या दिवसापासून दोन बहिणींचं बोलणं बंद झालं.

मी तिथे होते. चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. माझा फोन ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी पडला होता. मी चहा दिला. ऋचालाही दिला.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही कित्येक वर्षं वाटायचं की एवढंच आहे — टाकला, आणि गप्प राहिले. पण याच्याखाली अजून एक आहे.

मावशी गेल्यावर आई मिहिरकडे वळल्या. तुला बायकांच्यात नाचायला सांगितलं कोणी होतं, म्हणून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “तूच बोलावलंस ना.”

“मी? मी कशाला बोलवीन? तूच घुसलास मधे.”

त्या खोटं बोलत नव्हत्या असं मला अजूनही वाटतं. भीतीनं माणूस विसरतो. आणि तो पसरलेला व्हिडिओ सुरू व्हायचा तोच मिहिर रिंगणात शिरताना. मागेपुढे काही नाही — एक मुलगा धावत बायकांच्यात येतो आणि गरगरायला लागतो. आईंनी तो पाहिला होता. सासऱ्यांनी पाहिला. अभयनं पाहिला. सगळ्यांना तेच खरं वाटलं. मिहिर अजून एकदा म्हणाला, तू हात पुढे केले होतेस. मग जिना चढून वर गेला.

स्टेटसला अर्धं मिनिटच चढायचं. जास्तीचं कापावं लागायचं, हे खरं. पण कुठलं अर्धं मिनिट ठेवायचं ते मी ठरवलं. माझ्या शूटिंगमध्ये पहिल्यापासून सगळं होतं — आई जिन्याकडे वळतात, नाव घेऊन हाक मारतात, तो मान हलवून नको म्हणतो, त्या दोन्ही हात पुढे करून उभ्याच राहतात. मी ते कापलं. कारण तो आपणहून आला असं दिसलं की जास्त हसू येत होतं.

हे होतं खाली. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. शाळेच्या मागच्या मैदानात एकदा दोघा-तिघांनी त्याला धरून फुगडी घालायला लावली आणि वेग आल्यावर मधेच हात सोडले. मनगट मोडलं. त्यानंतर तो त्या शाळेत गेला नाही. दहावी त्यानं घरून केली, आणि त्याला शिकवलं कोणी — मी. रोज कॉलेजातून आल्यावर, डायनिंग टेबलावर. प्रायश्चित्त होतं का ते? असेल. पण त्याला माहीतच नव्हतं की कशाचं, मग ते कसलं प्रायश्चित्त? त्याला ते प्रेम वाटलं. बारावीचा निकाल लागला तेव्हा आलेल्या पाहुण्यांना तो म्हणाला की वहिनी नसती तर मी टिकलो नसतो. मी पेढे वाटत होते. तेव्हाही बोलले नाही.

तो शिकला, विजय नगरला एका आयटी कंपनीत लागला, तिकडेच फ्लॅट घेऊन सिद्धांतबरोबर राहायला लागला. घरात कोणी त्या नात्याला नाव दिलं नाही, पण दिवाळीला सिद्धांतचं ताट मांडलं जायचं. सासरे त्याआधीच गेले होते. आई आजारी पडल्यावर दोघंही हॉस्पिटलात आलटूनपालटून रात्रीला थांबायचे. सिद्धांतनं केलेली खिचडी आई खायच्या, माझी ठेवून द्यायच्या. तरीही, शेवटच्या आठवड्यात केव्हातरी मी त्यांचे केस विंचरत असताना त्या म्हणाल्या, “याला कशाला गं सुचलं तेव्हा मधे जाऊन नाचायचं? पोराचं बचपन गेलं.” कंगवा माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त — आई, तुम्हीच बोलावलं होतंत, प्रेमानं बोलावलं होतंत. मी विंचरत राहिले. तेच मनात धरून त्या गेल्या.

तेरावा झाला त्या दुपारी मंदामावशी आणि ऋचा आल्या होत्या. सख्खी बहीण, पण बसली दाराजवळ, लांबच्या नात्यातल्यासारखी. भिंतीवर लावायला आईंचा फोटो शोधणं चाललं होतं. सगळ्या फोटोंत त्या ओठ मिटून, ताठ. फोन चाळता चाळता मिहिर म्हणाला, हसणारी आई कोणाकडेच कशी नाही?

माझ्याकडे होती.

मला धीर कुठून आला ते ठाऊक नाही. आला असंही म्हणणार नाही, कारण ज्यांना मी सगळ्यात जास्त घाबरायचे त्या आता नव्हत्या. मी आत गेले, कपाटातला जुना फोन चार्जिंगला लावला, तो चालू होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग हॉलमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. टाकला मी. ओळ माझी. कापला मी. ऋचानं काही केलं नव्हतं. चार वाक्यं होती — एवढीच होती.

अभय उठून गच्चीवर गेला. ऋचानं पर्स उचलली. जाताना माझ्यासमोर थांबली. “मी हॉस्पिटलच्या खाली येऊन बसायचे, वहिनी. वर यायची हिंमत नाही झाली,” एवढंच म्हणाली. मावशी तिच्यामागून गेली. मी त्यांना थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

मिहिरनं माझ्या हातातून फोन घेतला आणि पहिल्यापासून पाहिलं. परत मागे नेऊन सुरुवात पाहिली. परत एकदा. मग हळू आवाजात, मला नाही, स्वतःलाच म्हणाला, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.”

इतकी वर्षं तो स्वतःवरच शंका घेत होता. हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात हे सगळ्यात वाईट असावं.

थोड्या वेळानं त्यानं फोन मला परत दिला. “पूर्ण पाठव,” म्हणाला. मी पाठवलं. सिद्धांत गाडी काढून खाली थांबला होता. मिहिर त्याच्याबरोबर निघून गेला. त्यानंतर मिहिरचा फोन नाही, माझाही नाही. ऋचाचा नाही. अभय बोलतो, कामापुरतं. हे सगळं असंच असायला हवं आहे. वेगळं काही मी मागितलेलं नाही, आणि तुमच्याकडेही मागत नाही.

पण घरात आता चहाचा ट्रे घेऊन मी दारात थांबत नाही. कोणी फोन हातात घेतला की माझी नजर तिकडे जात नाही. जे माझ्या एकटीकडे होतं ते आता ज्याचं आहे त्याच्याकडे गेलं.

त्या शूटिंगचा शेवटही मी कापला होता. तो कोणीच पाहिला नव्हता. फुगडी थांबते, मिहिरला चक्कर येते, तो लटपटतो. आई त्याची दोन्ही मनगटं सोडत नाहीत — तो सावरेपर्यंत तशाच उभ्या राहतात. मग मान वळवून थेट बघतात आणि खळखळून हसतात. फोन ज्या बाजूला होता त्या बाजूला. माझ्याकडे.