परिचय मेळाव्यात आमचे हे

आमचे हे म्हणजे मुलखाचे मुखदुर्बळ. भाजीवालीशी घासाघीससुद्धा माझ्यावर सोपवतात. म्हणून त्या दिवसाचं सांगताना माझी छाती फुगते. फुगू द्या!

आमच्या मुलाला पुरुष आवडतात. त्यानं सांगितलं तेव्हा मी दोन दिवस रडले, यांनी ताटाला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशी दोघंही जेवलो. काय करता, लेकरू आपलंच. पण अमडापुरात कोणाला सांगायची हिंमत नव्हती. भासऱ्यांना, म्हणजे यांच्या मोठ्या भावाला, तर नाहीच. त्यांनी आपल्या मनानंच चिखलीच्या वधू-वर परिचय मेळाव्यात पोराचा फॉर्म भरला. फोटोसकट पुस्तिकेत छापून आला. पोरगा पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, आता मला गावाकडं बोलवू नका.

नाव मागं घ्यायला आम्ही मेळाव्यात गेलो. लग्न जमलं म्हणून ठोकून द्यायचं, असं बसमध्ये ठरलं होतं. पोराचा नंबर पुकारला. यांनी माइक धरला.

"माह्या पोराले पोरी नाही आवडत, पुरुष आवडते. त्याले स्थळ सांगू नका, एखाद्या पोरीच्या जिंदगीचं वाटोळं होईन. आन् कोणाच्या घरी असं लेकरू असन, त त्याले मारू नका, जबरदस्तीनं लग्न लावू नका. माह्याकडं या."

भासरेही मेळाव्याला आले होते. ते उठून म्हणाले, खानदानाचं नाक कापलं. एरवी मी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हटलं, भाऊजी, नाक जागेवर आहे, जेवून घ्या.

आठवड्याभरात बीबी गावाहून एक आई मुलीला घेऊन एसटीनं आली. दोघी आमच्याकडं पोटभर रडल्या, मग चहा प्यायल्या. नंतर आणखी काही जण आले. आता कुठंही मेळावा असला की हे जातात, दोन मिनिटं माइक मागतात. कुठं देतात, कुठं हाकलतात.

दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हाही हे नांदुऱ्याच्या मेळाव्याला निघाले होते. तो म्हणाला, बाबा, आता सगळ्यांना माहीत झालं, माझ्यासाठी कशाला लोकांच्या शिव्या खाता?

हे चपला घालत म्हणाले, "तुह्यासाठी नाही जाऊन राह्यलो बे. तू त सुटला."