अण्णाच्या मापाची फळी

गाडीत झोपायची सोय करून घेतलेले कोणी इथे असतील, म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ अण्णा जुन्या मॅटडोरमधून भांडी नेऊन अफजलपूरकडचे आठवडी बाजार करायचा. दिवाळीनंतर तो गेला. आता वहिनी स्वतः गाडी चालवून बाजार करणार आहेत. मुक्काम पडला तर गाडीतच झोपायचं, म्हणून आज मागची लांब सीट काढून मी तिथे पलंग बसवला.

"भाऊजी, वेल्डिंग नको," असं त्या आधीच म्हणाल्या होत्या. "धंदा न्हाई जमला तर गाडी होती तशी विकता आली पाहिजे."

म्हणून सीटच्या जुन्याच भोकांत नटबोल्टनं लाकडी चौकट आवळली आणि वर प्लायवुडची फळी टाकली.

वहिनी भांड्यांची पेटी आत सरकवू लागल्या. ती मावेना.

"एवढा लांब पलंग कामून केलाव?"

"सहा फूटच आहे."

"मी कुठं सहा फुटाची हाय?" म्हणून त्या हसल्या. मग त्यांनी फळीच्या टोकावर हात ठेवला. ते माप अण्णाचं होतं.

"कापा, भाऊजी. पेटी बसाय पाहिजे."

बोल्ट सैल करून चौकट आणि फळी दोन्ही कापली. पेटी बसली. वहिनींनी पलंगावर आडवं होऊन पाय ताणून बघितले. "व्हय, मला बास झालं."

आता त्या उद्याच्या बाजाराची भांडी भरायल्यात. फळीचा कापलेला तुकडा माझ्यापाशी आहे. टाकून देववत नाही. तुम्ही काय केलं असतं त्याचं?