बंदरावर राहिलेला ड्रोन
माळा झाडताना ड्रोनची पेटी हाताला लागली. लातुरात मी लग्नांचं शूटिंग करायचो, म्हणून वडिलांना क्रूझवर नेताना ड्रोनही घेतला. समुद्रातलं जहाज वरून टिपायचं होतं. मुंबईच्या बंदरावर, डिझेलच्या वासात, तपासणीवाल्याने पेटी काढून घेतली. "परतल्यावर मिळेल," म्हणाला. मग वडिलांच्या गळ्यात दीक्षेपासून असलेल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडे बोट केलं. "हे पण काढा." वडील म्हणाले, "हे न्हाई निघत, बाबा. मेल्यावर बी संगंच राहतंय." त्याने बोट खाली घेतलं, जा म्हणाला. रोज सकाळी ते डेकवर लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे. मी शेजारी रिकाम्या हातांनी समुद्र बघायचो. यंदा ते गेले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना माती दिली, तेव्हा तेच लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. काढा म्हणणारं कुणी नव्हतं.